दुसऱ्यांदा न विचारणारं शहर

ही गोष्ट एकोणीसशे एकोणसाठ सालची. त्या वर्षी वसंतात युवराजांचं लग्न झालं आणि ते बघायला मिळावं म्हणून ज्यांच्या घरी अंथरायला धड गादी नव्हती त्यांनीही टीव्ही आणले. टोकियोचा लाल मनोरा उभा राहून वर्षही भरलं नव्हतं. पाच वर्षांनी होणारं ऑलिंपिक आपल्याकडे येणार, या हर्षाच्या भरात टोकियोवाल्यांनी सगळं शहर खणायला काढलं होतं. अशा त्या नोव्हेंबरात, क्योटोच्या डोंगरांवर मेपलची पानं ऐन रंगात आलेली असताना, मिसाओ आपलं शहर सोडून टोकियो बघायला निघाली. शेजारणींना तिने सांगितलं, "सायोला जरा गंमत दाखवून आणते. माकडांचा खेळ एकदा तरी बघावा माणसाने."

खरं कारण वेगळं होतं. मिसाओच्या घरचा रेशमी गोफांचा धंदा. किमोनोच्या कमरपट्ट्यावरून जो बारीक गोफ बांधतात, तो विणण्यात तिच्या सासरच्या घराने पाच पिढ्या नाव राखलं होतं. नवरा युद्धात गेला. थोरल्या मुलीला, ताझूला, घरजावई आणून मिसाओने दुकान त्याच्या हाती दिलं. धाकटी सायो तेवीस वर्षांची, अबोल. गोफ विणायला बसली की दिवसभर तोंडातून शब्द नाही. अशा मुलीचा जीव जडला तो टोकियोच्या एका शेवयावाल्याच्या मुलावर. योशिरो त्याचं नाव. कापडाचे रंग बनवणाऱ्या कारखान्यात नोकरीला म्हणून तो तीन वर्षं क्योटोत, त्यांच्याच गल्लीत भाड्याने राहिला होता. त्याची बदली परत टोकियोला झाली आणि पाठोपाठ एक मध्यस्थ चाचपणी करून गेला. जाताना म्हणाला, "त्यांचं म्हणणं, आधी येऊन घर बघा. त्या निमित्ताने शहरही बघून होईल."

मिसाओने आमंत्रण घेतलं ते एवढ्यासाठी, की नकार द्यायला डोळ्यांनी पाहिलेलं कारण हवं. सायो आईच्या शब्दाबाहेर जाणारी नव्हती. आईसमोर चटईवर हात टेकून ती एवढंच म्हणाली होती, "तू स्वतः बघ. मग तू म्हणशील तसं." त्या मुलीचं पुढचं उभं आयुष्य त्या चार दिवसांच्या सहलीवर टांगलेलं होतं, आणि हे दोघीही जाणून होत्या.

टोकियो स्टेशनवर उतरल्या उतरल्या मिसाओला कुणीतरी कोपराने ढकललं, आणि माफीही न मागता तो माणूस पुढे गेला. मग दुसऱ्याने ढकललं. फलाटावर माणसं अशी धावत होती की जणू मागे आग लागली आहे, आणि आग तर कुठेच नव्हती. तेवढ्यात फलाटाच्या त्या टोकावरून आरोळी आली.

"आल्या! आल्या बघा विहीणबाई!"

योशिरोची आई ओताकी. ठेंगणी, गोल, गालांवर लाली, पायांत धावपळ. मिसाओच्या कपाळावर आठी पडली.

"अजून कशात काही नाही आणि विहीणबाई!" ती सायोच्या कानात पुटपुटली.

"हळू, आई."

"हळू मला नको सांगूस. तिला सांग."

ओताकीने येऊन तिच्या हातातलं गाठोडं ओढूनच घेतलं. "द्या ते इकडे. अगं बाई, किती हलकं! कपडे आणलेत की नाही?"

"आम्हांला थोडक्यात भागवायची सवय," मिसाओ गोड हसून म्हणाली. "आणि तुम्हांला आवाज किती दांडगा लाभलाय हो. घराला भिंती नसल्या तरी चालेल."

हे वाक्य क्योटोत कुणा बाईला ऐकवलं असतं, तर दोन रात्री तिच्या डोळ्याला डोळा लागला नसता आणि आठवडाभर तिने घराबाहेर तोंड दाखवलं नसतं. ओताकी मात्र फुलून आली. "हो ना! दुकानातून हाक मारली की कालव्यापलीकडे ऐकू जाते. आमचे हे म्हणतात, तुझ्यामुळे टेलिफोन घ्यायचा वाचला!"

सायोने मान खाली घातली. तिला आईच्या बोलण्यातलं सगळं कळत होतं, आणि समोरच्या बाईला काहीच कळत नव्हतं याची लाजही तिलाच वाटत होती. मिसाओला नवल वाटलं. जन्मभर धार लावलेली सुरी हातात आहे, आणि समोर कापायला नुसतं पाणी.

फुकागावात कालव्याच्या काठाला ओताकीच्या नवऱ्याचं, तात्सुझोचं, कुट्टू नावाच्या काळपट धान्याच्या शेवयांचं दुकान. खाली दुकान, वर राहायची जागा. तात्सुझो उंच, वाळका, मोजकं बोलणारा. त्याने दारात येऊन मान लववली, "या," म्हणाला, आणि आत जाऊन शेवया उकळायला टाकल्या. एवढंच स्वागत. मिसाओने आणलेली भेट पुढे केली: स्वतः विणलेला गोफ, वाळक्या चहाच्या पानाच्या रंगाचा, त्यात धुक्यासारखा एक करडा धागा. तो धागा बसवायला तिला सबंध उन्हाळा लागला होता. ओताकीने तो उजेडात धरून उलटसुलट केला.

"वा! मळखाऊ रंग आहे. फार बरं झालं."

मिसाओने श्वास आत घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

मग वाडगे आले. रस्सा काळा होता. मिसाओने ऐकलं होतं की टोकियोत सोयाचा काळा रस हात सैल सोडून ओततात, पण इतका काळा असेल असं वाटलं नव्हतं. वाडग्याचा तळ दिसत नव्हता. आपल्याकडे रश्श्यातून वाडग्यावरची नक्षी दिसते, हिच्याकडे आत काही पडलं तर गळ टाकून काढावं लागेल, असं तिच्या मनात आलं. आजूबाजूची गिऱ्हाइकं भुरके मारत होती. तोही आवाज पूर आल्यासारखा.

"कसा काय रस्सा, विहीणबाई?"

"फारच गडद. एकदा खाल्ला की माणूस जन्मात विसरणार नाही."

"अहो, ऐकलंत का!" ओताकी आत ओरडली. "जन्मात विसरणार नाही म्हणतायत!"

आतून तात्सुझो म्हणाला, "मग आणखी वाढ त्यांना." आणि मिसाओच्या वाडग्यात ओगराळंभर काळा रस्सा आणखी पडला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. योशिरोला सुट्टी होती, म्हणून चौघं शहर दाखवणाऱ्या बसमध्ये बसली. अख्खं जपान त्या दिवशी टोकियो बघायला आलं होतं असं वाटावं इतकी गर्दी. पांढरे हातमोजे घातलेली एक पोरगी हातात छोटं निशाण घेऊन पुढे उभी होती. ती डावीकडे बघा म्हणाली की सगळी बस डावीकडे बघे, उजवीकडे म्हणाली की उजवीकडे. मधून मधून ती गाणंही म्हणे.

"हिला कुणी गप्प बसायचे पैसे का देत नाही?" मिसाओने विचारलं.

"काकू, तो तिच्या कामाचाच भाग आहे," योशिरो नम्रपणे म्हणाला. तीन वर्षं क्योटोत राहिल्याने त्याला बोलण्याआधी विचार करायची सवय लागली होती. बाकी मुलगा सरळ, मोठ्या कानांचा, सायोकडे न बघता बघणारा.

राजवाड्याच्या खंदकाशी बस थांबली. लोक पुलाकडे पाठ करून फोटो काढायला लागले. मिसाओ मात्र कठड्याशी गेली, नीट वाकली आणि म्हणाली, "महाराज, फार दिवस झाले हो बाहेर जाऊन. घर झाडून ठेवलंय."

"काय म्हणाल्या?" ओताकीने विचारलं.

सायोच कशीबशी म्हणाली, "आमच्याकडे जुनी माणसं असं म्हणतात. सम्राट क्योटोहून जरा बाहेर गेलेत, येतील परत."

"कधी गेलेत?"

"राजधानी टोकियोला आली तेव्हा. नव्वद वर्षं झाली असतील."

ओताकी एवढ्या मोठ्याने हसली की खंदकातली बदकं उडाली. मिसाओने तोंड फिरवलं. ती गंमत करत नव्हती.

मनोऱ्यावर चढायची रांग रस्त्यापर्यंत आली होती. खालून वर बघताना मिसाओला तो सगळा सांगाडा नवरीचा शालू गुंडाळलेल्या शिडीसारखा दिसला.

"पॅरिसच्या मनोऱ्याहून उंच आहे!" ओताकी म्हणाली.

"दुसऱ्याची नक्कल करायची तर निदान मोठी करावी. बरोबर आहे तुमचं."

"बरोबर की नाही?"

वर काचेपाशी माणसं माणसांना चिकटून उभी होती. खाली शहर पसरलं होतं, जिथवर नजर जाईल तिथवर करड्या छपरांचं, मधे मधे खणलेल्या खड्ड्यांचं आणि लोखंडी सांगाड्यांचं. इतकी घरं, आणि एकाचंही छप्पर शेजारच्याशी जुळणारं नाही. गोफात असा एक धागा निघाला असता तर मिसाओने सगळा गोफ उसवला असता.

"सगळं कसं नवंकोरं," ती म्हणाली. "तुम्हांला वाडवडिलांची धूळ झाडायचाही त्रास नाही."

"नाहीच ना," ओताकी म्हणाली. "सगळं जळलं. पंचेचाळीसच्या मार्चात, विमानांनी बॉम्ब टाकले तेव्हा. ते बघा, तिकडे, नदीच्या पलीकडे, तो सबंध भाग. आम्ही परत आलो तर आपलं घर कुठलं तेच कळेना. सगळीकडे राखच राख. ह्यांनी चालत चालत आमचं जातं शोधून काढलं, कुट्टू दळायचं दगडी. ते कसं जळणार? मग म्हणाले, इथे दुकान. त्या जात्यावर बसूनच आम्ही दोघांनी पहिली रात्र काढली." आणि लगेच, "ए योशिरो, यांना पुढे येऊ दे, त्या टोपीवाल्याला सरकव बाजूला!"

क्योटोवर त्या युद्धात जवळपास काहीच पडलं नव्हतं. मिसाओने काही बोलायला तोंड उघडलं, पण त्या दिवसात पहिल्यांदाच तिच्या जिभेवर काही आलं नाही. मग मागून कुणीतरी तिच्या पायावर पाय दिला आणि तिला पुन्हा शब्द सापडले.

सोमवारी दुपारी मात्र जे झालं ते तिने अजिबात धरलं नव्हतं.

दुकानात वाढायला येणारी मुलगी त्या दिवशी आजारी म्हणून आली नाही. आणि बाराचा भोंगा झाला तशी कालव्यापलीकडच्या लाकडाच्या वखारीतली, छापखान्यातली, रस्ता खणणारी सगळी माणसं एकदम दुकानात घुसली. बसायला जागा नाही, तरी आत येतायत. उभ्याने खातायत. मिसाओ कोपऱ्यातल्या उंचवट्यावर पाय आखडून बसली आणि हे सगळं कसं एखाद्या गोठ्यासारखं दिसतंय ते मनातल्या मनात ताझूला सांगायची वाक्यं जुळवू लागली. ओताकी एकटी सहा ठिकाणी धावत होती. किमोनोच्या बाह्या मागे बांधायला तिने दोरी लावली होती, आणि ती दोरी म्हणजे मिसाओचा गोफ होता. सबंध उन्हाळ्याचा गोफ. त्यावर आताच काळ्या रश्श्याचा एक ओघळ गेलेला.

"सायो," मिसाओ म्हणाली, "बघितलंस?"

सायो शेजारी नव्हती.

सायो दुकानाच्या मधोमध उभी होती. ओताकीने खांद्यावरून तो गोफ सोडवून तिच्याकडे फेकला होता आणि स्वतःच्या बाह्या नुसत्या वर खोचल्या होत्या. सायोने तो दातात धरून झटक्यात काखेखालून ओढून पाठीवर बांधला, हातात चार वाडग्यांचं तबक उचललं, आणि ओरडली. मिसाओची अबोल मुलगी ओरडली.

"दोन गरम, एक गार, गारावर कांदा जास्त!"

"जोरात, पोरी!" आतून तात्सुझो.

"गारावर कांदा जास्तऽऽ!"

छापखान्यातला एक शाईने बरबटलेला माणूस म्हणाला, "ही नवी कुठून आणलीत हो? बोलते तर अशी नाजूक, जणू वाडग्यात फूल वाढतेय."

"क्योटोची आहे ती," ओताकी म्हणाली. "नीट बोल तिच्याशी. नाहीतर गोड बोलून मारून टाकेल, तुला कळणारही नाही."

आणि सायो हसली. तोंडावर हात न घेता, मान मागे टाकून, तबक हातात असताना हसली. मिसाओला आठवेना की घरी ती अशी कधी हसली होती. ताझूच्या लग्नात? नाही. लहानपणी? आपल्या घरात हसायला आधी आजूबाजूला बघावं लागतं, हे मिसाओला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं, आणि ते तिला अजिबात आवडलं नाही. इतका गोंगाट, इतकी घाण, असला काळा रस्सा, आणि माझी पोर इथे हसते. तिने समोरचा चहा प्यायला. चहाही कडवट होता.

दुकान रिकामं झाल्यावर सायो घाम पुसत तिच्याजवळ आली. "आई, माफ कर. फार आवाज केला का मी?"

"गारावर कांदा जास्त, हे मला अजून ऐकू येतंय," मिसाओ म्हणाली. पण तिच्या मनाने तेव्हाच ठरवलं होतं. नको त्या शहरात, नको त्या माणसांत, पण द्यायची.

संध्याकाळी योशिरो कामावरून आला. सगळी वरच्या खोलीत बसली. मध्यस्थाला न बोलावता, काही पूर्वतयारी न करता, तात्सुझोने चटईवर दोन्ही हात टेकले आणि एका दमात म्हणाला, "बाई, तुमची मुलगी आम्हांला द्या. आमच्या योशिरोला. आम्ही साधी माणसं आहोत, तिला उपाशी ठेवणार नाही."

मिसाओला त्याचा हा अडाणीपणा अपेक्षितच होता. तिनेही हात टेकले, कपाळ चटईला लावलं, आणि क्योटोत कुठलीही मुलीची आई जे बोलते ते बोलली. "छे हो. आमची पोर अगदीच बावळट. तुमच्या एवढ्या मोठ्या घराला ती कुठली पुरणार? हे काही जमायचं नाही. कृपा करून मनातून काढून टाका."

आता क्योटोत पहिल्या मागणीला होकार देणारी आई अजून जन्माला आलेली नाही. पहिल्याच शब्दाला हो म्हटलं तर मुलगी घरात जड झाली होती असं दिसतं. पहिल्यांदा नाही म्हणायचं. दुसऱ्यांदा मागितलं की पुन्हा नाही म्हणायचं, पण आवाज थोडा खाली आणून. तिसऱ्यांदा मागितलं की गप्प बसून मान लववायची. मागणाऱ्यालाही हे ठाऊक असतं. तो तीनदा मागायच्या तयारीनेच घरून निघतो.

मिसाओ कपाळ चटईला लावून दुसऱ्या मागणीची वाट बघत राहिली.

तात्सुझो सरळ बसला. "कळलं," तो म्हणाला. "तुम्ही खरं बोललात, बरं केलंत. मी पुन्हा हा विषय काढणार नाही. शब्द देतो."

मिसाओने मान वर केली. योशिरोचे मोठे कान लाल झाले होते. ओताकीचं तोंड उघडं होतं आणि त्यातून काहीच येत नव्हतं. तात्सुझो उठून चहा घेऊन आला, मिसाओला दिला, आणि यंदा थंडी लवकर पडणार असं वाटतं, असं म्हणाला. आणि खरोखरच त्यानंतर सबंध संध्याकाळ ते लोक थंडीबद्दल बोलले. मिसाओने तीन वेळा संभाषण मुलींच्या लग्नापर्यंत आणून सोडलं. तात्सुझोने तीनही वेळा ते सभ्यपणे उचलून थंडीवर नेऊन ठेवलं. त्याच्याकडे एका बाईने एकदा नाही म्हटल्यावर तिला परत विचारणं म्हणजे मवालीपणा. गिऱ्हाईक नको म्हणालं की वाडगा उचलायचा.

सकाळी कपडे गाठोड्यात बांधताना सायो म्हणाली, "आई, ते आता विचारणार नाहीत."

"का नाही? तोंड नाही त्यांना? इतर वेळी तर बंद होत नाही."

"तू नाही म्हणालीस."

"मी कुठे नाही म्हणाले? मी रीतीप्रमाणे बोलले."

"इथे ती रीत नाही."

"मग योशिरोला तरी कळायला नको? तीन वर्षं आमच्या गल्लीत जेवला तो!"

सायोचे डोळे भरले. "त्यानेच तर रात्री वडिलांना सांगितलं. म्हणाला, क्योटोच्या माणसांचं मला माहीत आहे. ती गोड बोलतात तेव्हासुद्धा त्याचा अर्थ नाही असतो. इथे तर त्यांनी सरळ नाहीच म्हटलं, मग विचारायलाच नको." तिने गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. "तू सांग ना त्यांना."

"मी? मुलीची आई होऊन म्हणू, की या, परत मागा? पाच पिढ्यांत कुणी असं केलं नाही."

"बरं." सायोने डोळे पुसले. "मी तुझ्या शब्दाबाहेर जाणार नाही, आई. पण मग दुसरीकडेही कुठे जाणार नाही. विणत बसेन." ती रागाने बोलली नाही. हवापाण्याची गोष्ट सांगावी तसं बोलली.

स्टेशनवर पोचवायला तिघंही आले. तात्सुझोने त्यासाठी दुकान बंद ठेवलं होतं. ओताकीने वाटेत खायला डबा दिला, शेजाऱ्यांना द्यायला भाजक्या तांदळाच्या कुरकुरीत चकत्या दिल्या, समुद्री शेवाळाच्या वड्या दिल्या, आणि देताना एकदाही विहीणबाई म्हणाली नाही. ते न म्हणणं मिसाओला भलतंच टोचलं. गाडी नव्या पद्धतीची होती, आत हवा गार-गरम करायची सोय असलेली, म्हणून तिच्या खिडक्यांच्या काचा उघडत नव्हत्या. तिकिटं योशिरोने काढली होती. तो एका खांबापाशी उभा होता आणि सायो दुसऱ्या खांबापाशी, आणि मधून हजार माणसं धावत होती.

मिसाओ वाट बघत होती. अजूनही. कुणीतरी विचारेल. ती तात्सुझोकडे बघे, तो घड्याळाकडे बघे. शेवटी तिचा सगळा संताप, खंदकापासून मनोऱ्यापर्यंतचा आणि काळ्या रश्श्यापासून त्या ओघळापर्यंतचा, एकदम बाहेर आला. आणि जन्मात पहिल्यांदा ती कडू गोष्ट कडूच बोलली.

"काय हे शहर! इथे माणसाला धक्का मारायला हजार जणांना फुरसत आहे, आणि एक गोष्ट दुसऱ्यांदा विचारायला एकालाही नाही!"

ओताकीने मिसाओकडे बघितलं, मग सायोकडे, मग पुन्हा मिसाओकडे. "म्हणजे?" ती म्हणाली. "म्हणजे दुसऱ्यांदा विचारायचं होतं?"

मिसाओने नाक वर करून गाडीकडे बघितलं.

"अहो!" ओताकीने नवऱ्याची बाही पकडली. "विचारा! परत विचारा!"

"मी शब्द दिलाय," तात्सुझो म्हणाला.

"मेला तो शब्द!"

"दिलाय म्हणजे दिलाय."

"तुम्ही दिलात. मी कुठे दिलाय?" आणि ओताकीने त्या गर्दीत, लोक अंगावर आदळत असताना, कमरेत वाकून अख्ख्या फलाटाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "विहीणबाई, तुमची मुलगी आम्हांला द्या!"

आता मिसाओची खरी पंचाईत झाली. हे दुसरं मागणं होतं की ओताकीचं पहिलं? दुसरं धरलं तरी नाहीच म्हणायचं होतं. तिची जीभ आपोआप वळली. "छे हो, आमची पोर..." आवाज मात्र खाली आला.

"आई!" सायो म्हणाली.

घंटा झाली. योशिरोने दोघींना जवळजवळ उचलूनच डब्यात चढवलं. ओताकी दारापर्यंत धावली, "द्या ना हो—" म्हणेपर्यंत दार सरकून बंद झालं. मिसाओ आपल्या जागेकडे धावली. बावन्न वर्षांच्या आयुष्यात ती अशी कुठेच धावली नव्हती, आणि वाटेत तिने एका साहेबाला कोपराने ढकललं आणि त्याची माफीही मागितली नाही. काचेपलीकडे ओताकी उभी होती. गाडी हलली. ओताकी बरोबर चालू लागली, मग पळू लागली. तिचं तोंड सबंध उघडलं होतं, आतले सगळे दात दिसत होते, आणि काचेतून एक अक्षर ऐकू येत नव्हतं.

ती काय म्हणत होती हे ऐकायची गरज नव्हती. मिसाओ गप्प राहिली आणि तिने मान लववली. इतकी लववली की कपाळ काचेवर आपटलं. शेजारी सायोही लवली. मागे फलाटावर तात्सुझोने डोक्यावरची टोपी काढली. योशिरो मात्र काहीच करत नव्हता. गर्दी त्याला धक्के देत होती आणि तो धक्के खात उभा होता.

दोघी आपापल्या जागी बसल्या. मग मिसाओ कपाळ चोळत म्हणाली, "केवढं तोंड उघडते ती बाई. काल काय खाल्लं ते दिसलं मला."

सायोला हसू आवरेना. डब्यातली माणसं वळून बघायला लागली. मिसाओने तिला गप्प केलं नाही.

लग्न पुढच्या वसंतात झालं, टोकियोतच. मिसाओने तिथल्या जेवणाला नाव ठेवलं आणि दोनदा वाढून घेतलं. नंतर दर नातवंडाच्या वेळी ती टोकियोला गेली. दर वेळी परत आल्यावर, हवा कशी खराब, माणसं कशी उर्मट, हे तिने शेजारणींना दिवसचे दिवस ऐकवलं. तिला त्र्याऐंशी साली, क्योटोतच, तिच्या स्वतःच्या खोलीत मरण आलं. टोकियोबद्दल चांगला शब्द तिने शेवटपर्यंत काढला नाही.

तात्सुझो ऑलिंपिकनंतर दोन वर्षांनी गेला. दुकानासमोरचा कालवा बुजवून त्यावरून रस्ता नेला, ते त्याला पटलं नव्हतं. ओताकी नव्वद वर्षांची होऊन गेली. शेवटी तिला ऐकू येत नसे, त्यामुळे ती पूर्वीपेक्षाही मोठ्याने बोले. योशिरो रंगाच्या कंपनीतून निवृत्त झाला आणि मग कुणी सांगितलं नसताना वडिलांसारख्या शेवया करायला शिकला, पण त्या कधी तशा झाल्या नाहीत. गेल्या हिवाळ्यात तोही गेला. ताझूच्या नवऱ्याने गोफांचं दुकान नव्वदच्या दशकात बंद केलं. किमोनो नेसणारं कुणी उरलं नव्हतं. ताझू तिच्या मुलाकडे कोबेला राहते आणि तिथलं पाणी जड आहे अशी तक्रार करते.

सायो अजून फुकागावात आहे, नवव्या मजल्यावर. खालच्या बायका इतक्या वर्षांनीही तिला क्योटोची बाई म्हणतात. वर्षातून एकदा ती आईच्या आणि वडिलांच्या थडग्यावर पाणी घालायला क्योटोला जाते. तिथे ती दुकानात शिरून काही मागू लागली की दुकानदारीण गोड हसून म्हणते, "टोकियोहून आलात वाटतं. आवाज किती छान मोकळा आहे हो तुमचा."